लोकलमध्ये अनोळखी लोक नियम शिकवतात तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली १६ वर्षं मी मुंबईच्या लोकलने डोंबिवली ते घाटकोपर ये-जा करतेय. सोसायटीतल्या नव्याने कॉलेजला जायला लागलेल्या मुली, ऑफिसात नवीन जॉइन झालेले, गावाकडून आलेले नातेवाईक, सगळे मला फिरून फिरून तेच विचारतात, की गाडीत एक बाई असं बोलली, एका काकांनी मला उठवलं, त्यांना तसा अधिकार असतो का आणि मी काय करायला हवं होतं. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते. सेंट्रल लाइनचं मला जास्त माहितीये, वेस्टर्न लाइनचं जेवढं पक्कं माहितीये तेवढंच लिहिलंय.

एक प्रवासी दुसऱ्या प्रवाशाला नियम सांगू शकतो का मुळात?

सांगू शकतो, पण तो जबरदस्तीने पाळायला लावू शकत नाही. तिकीट बघणं, दंड घेणं, डब्यातून खाली उतरवणं ही रेल्वेच्या अधिकृत माणसाचीच कामं आहेत, १९८९ च्या रेल्वे कायद्यात ते स्पष्ट लिहिलंय. पण सांगण्यालाही किंमत आहे बरं का. याच कायद्याच्या कलम १६७ मध्ये असं आहे की डब्यातल्या दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतली तर सिगारेट ओढायची नाही. म्हणजे सहप्रवाशाचं म्हणणं कायद्यानेसुद्धा धरलेलं आहे.

आणि खरं सांगायचं तर लोकल लोकांच्या सांगण्यावरच चालते, प्रत्येक डब्यात टीसी किंवा पोलीस उभा करणं शक्यच नाहीये. आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या, सॅक पुढे घ्या, आत सरका, उतरायचं नसेल तर दार सोडा, हे कोणी छापून दिलेलं नाही, शेजारच्या माणसाकडूनच आपण शिकलो सगळे. मला कोणी काही सांगितलं की मी मनात एवढंच बघते की या नियमाने कोणाला जागा मिळतेय की कोणाची जागा अडतेय. जागा मिळत असेल तर मी मुकाट्याने ऐकते, सांगणारा कितीही खेकसला तरी. जागा अडत असेल तर ऐकत नाही, मग तो कितीही गोड बोलू दे.

चौथी सीट मागणं हा हक्क आहे का?

नाही, बाक तिघांचाच आहे. पण सेकंड क्लासमध्ये "जरा सरका ना" म्हटलं की सरकायचं असा रिवाज पडलाय आणि तो चांगला आहे असं मला वाटतं. चौथ्याला मिळून मिळून काय मिळतं तर अर्धी मांडी टेकायला, एक पाय पॅसेजमध्ये आणि सगळा भार त्या एका पायावर, तरीसुद्धा दिवसभर उभं राहून काम केलेल्या बाईला तेवढ्याने बरं वाटतं. फर्स्ट क्लासमध्ये हा रिवाज नाही, तिथे मागितलं की लोक बघतच राहतात.

फक्त कोणी "नाही जमणार" म्हटलं तर तिथेच सोडून द्यायचं. पोटावर टाके असतील, मणक्याचा त्रास असेल, तिसरा महिना असेल, ते पूर्ण डब्यासमोर सांगायला का लावायचं तिला. शेजारची "आम्ही पण अॅडजस्ट करतो, तुला काय झालंय" म्हणून सुरू होते ना, तिथे मी मध्ये बोलते, नेहमी बोलते.

रुमाल किंवा बॅग टाकून धरलेली सीट सोडावी लागते का?

नाही. आरक्षण नसलेल्या डब्यात रिकामी सीट ही जो बसेल त्याची. "आमचा माणूस ठाण्याला चढणार आहे" याला काही अर्थ नाही, ठाण्याला चढेल तेव्हा तो ठाण्याचा उभा प्रवासी, बास. पत्त्याचा ग्रुप असो नाहीतर भजनाचा, नियम तोच.

पण ग्रुपवाल्यांना सरसकट वाईट म्हणणं मला पटत नाही. माझ्या नेहमीच्या डब्यातल्या बायकांचा ग्रुप आहे, त्यात कोणी चक्कर येऊन पडलं तर पाणी, पदर सैल करणं, घरी फोन, सगळं त्या करतात, अनोळखी बाईसाठीही. खंडेनवमीच्या सुमारास डब्याला तोरण बांधून पूजा करून पेढे वाटतात ते कोण करतं, हीच मंडळी. लांबच्या गाड्यांमध्ये तर अर्ध्या वाटेवर बसलेल्यांनी उठायचं आणि उभ्यांना बसू द्यायचं ही पद्धत ग्रुपवाल्यांनीच टिकवलीये, कर्जत म्हणजे सीएसएमटीपासून १०० किलोमीटर, तेवढं अंतर एकाच माणसाने उभं का राहायचं. मात्र ही पाळी फक्त आपल्या ओळखीतल्यांनाच आणि नवीन माणसाला नाही असं झालं की ती पद्धत बिघडली. माझ्याशी पहिल्या वर्षी तसंच झालं होतं, मुलुंडपर्यंत सगळ्या आपापसात उठबस करत होत्या आणि मी त्यांच्या मधोमध उभी होते.

मी उलटी जाऊन सीट घेऊन आले, लोकांनी मला उठवलं. बरोबर का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. सकाळी डोंबिवलीकर कल्याणला जाऊन तिथून सुटणाऱ्या गाडीत बसून येतात, वेस्टर्नला नालासोपाऱ्याचे लोक विरारला जातात, संध्याकाळी भायखळा, मशीदचे लोक सीएसएमटीला जातात. गाडी शिरली की प्लॅटफॉर्मवर वीस मिनिटं थांबलेला माणूस उडी मारून आत जातो आणि बघतो तर सगळ्या विंडो आधीच भरलेल्या. त्याचा राग समजतो मला, खूप वेळा मीच ती प्लॅटफॉर्मवरची असते.

पण उठवायचा अधिकार त्याला नाही. खरा मुद्दा पासाचा आहे, आणि तो लोक विसरतात. तुमचा पास डोंबिवलीपासूनचा असेल आणि तुम्ही कल्याणला जाऊन आलात तर तेवढा प्रवास विनातिकीट धरला जातो, टीसीने पकडलं तर भाडं अधिक कमीत कमी २५० रुपये. पास कल्याणपासूनचा काढलेला असेल तर तुम्ही बिनधास्त बसून या, कोणी कितीही आरडाओरडा केला तरी जागेवरून हलायचं कारण नाही. मी मुलींना हेच सांगते की उलटं जायचंच असेल तर पास पुढचा काढा, फरक फार नसतो आणि मग मान वर करून बसता येतं.

"ही कर्जत गाडी आहे, तुम्ही डोंबिवलीवाले चढू नका" असं म्हणतात त्याचं काय?

हे साफ चूक आहे आणि नुसतं चूक नाही, गुन्हा आहे. कलम १५५ प्रमाणे जो डबा अडवणाऱ्यासाठी राखीव नाही त्यात दुसऱ्या प्रवाशाला चढायला आडकाठी केली तर २०० रुपयांपर्यंत दंड आहे. रक्कम आजच्या मानाने किरकोळ वाटते, पण कायदा कोणाच्या बाजूने आहे ते कळतं. विरार फास्टमध्ये बोरिवलीवाल्यांना हेच ऐकावं लागतं, अंधेरीला उतरणारा चुकून चढला तर त्याला उतरूच देत नाहीत, पुढे नेऊन सोडतात.

त्यांची बाजूही ऐकलीये मी. कर्जत-कसाऱ्याच्या गाड्या कमी, एक चुकली की बराच वेळ गाडी नाही, डोंबिवली-कल्याणला मात्र पाठोपाठ गाड्या. म्हणजे दुखणं खरं आहे. म्हणून मी स्वतः डोंबिवली लोकल समोर उभी असेल तर कर्जत गाडीत चढत नाही, कोणी न सांगता. पण कोणी दारात हात आडवा धरून सांगितलं तर तो वेगळा विषय झाला.

दाराच्या बाबतीत मी जरा जास्तच बोलते, माफ करा पण बोलणारच. ९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या बाजूबाजूने जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली, त्यातली काही गेली. मी रोज त्या वळणावरून जाते. आत पॅसेजमध्ये जागा असताना दारातली माणसं हलत नाहीत आणि नवीन चढलेला बाहेर लोंबकळत राहतो, हे दृश्य तुम्ही पण रोज बघता. तिथे "आत सरका" ओरडणारा माणूस कोणाला खवचट वाटला तरी चालेल, त्याने ओरडावं.

लेडीज डब्यात सीटचा नंबर कसा लागतो? मी रिकाम्या सीटवर बसले तर एक बाई भांडायला आली.

जेन्ट्समध्ये साधारण असं असतं की बाकांच्या मधे आत उभा असेल त्याच्या पुढची सीट त्याची. लेडीजमध्ये विचारून लागतो. चढल्या चढल्या बसलेल्यांना विचारायचं "कुठे उतरणार?", ती म्हणाली घाटकोपर की तिची सीट तुमची झाली, मग तुम्ही दाराशी जरी उभ्या असलात तरी ती उतरताना तुम्हाला हाक मारणार. तुमच्या आधी कोणी विचारलं असेल तर ती सांगते "त्या हिरव्या ड्रेसवालीला सांगितलंय". नवीन मुलीला हे कळणार कसं, ती बिचारी समोरची सीट रिकामी झाली म्हणून बसते आणि चार बाजूंनी आवाज येतात.

मी काय करते सांगू? मला सांगितलेल्या सीटवर कोणी नवीन बसलीच तर मी तिला पद्धत समजावून सांगते आणि त्या दिवशी बसू देते. दुसऱ्या दिवसापासून ती विचारते. एका दिवसाच्या सीटने माझं काही अडत नाही.

लेडीज डब्यात पुरुष चढला तर?

ठणकावून उतरायला सांगा. कलम १६२ आहे, ५०० रुपयांपर्यंत दंड आणि तिकीटही जप्त होतं. मात्र काही डबे २४ तास महिलांचे असतात आणि काही ठराविक वेळेतच, ते डब्यावर लिहिलेलं असतं, ते वाचून मग बोला. आणि केस बारीक कापलेल्या, शर्ट-पँट घातलेल्या मुलीला किंवा तृतीयपंथी बाईला "हा लेडीज डबा आहे" म्हणून सगळ्यांनी मिळून टोकणं फार वाईट दिसतं, ते करू नका.

फर्स्ट क्लासमध्ये एकाने मला "पास दाखवा" म्हटलं. दाखवायचा का?

नाही दाखवलात तरी चालतं. टीसीला दाखवणं बंधनकारक आहे, शेजारच्याला नाही. "टीसी आले की दाखवते" एवढं शांतपणे म्हणायचं. मला याचा राग यासाठी येतो की विचारलं कोणाला जातं तर कपडे साधे असलेल्याला, हातात पिशवी असलेल्या बाईला, कुरिअरच्या पोरांना. कडक इस्त्रीवाल्याला कोणी विचारलेलं मी आजवर बघितलं नाही. एसी लोकलमध्येही आता तेच सुरू झालंय.

दिव्यांग डब्यात धडधाकट दिसणारा माणूस बसलेला असेल तर त्याला उठवायचं का?

इथे मला जरा लांबून सांगायला लागेल.

आईला कॅन्सर झाला तेव्हा तिला मी डोंबिवलीहून परळला हॉस्पिटलमध्ये घेऊन जायचे. कॅन्सरच्या पेशंटना दिव्यांग डब्यातून जाता येतं, हे पुष्कळ लोकांना माहीतच नसतं, गरोदर बायकांनाही जाता येतं. केमोचा तिसरा डोस होता. आईने डोक्याला स्कार्फ बांधलेला, अंगात स्वेटर, आणि ती मुळात गोरी आणि अंगाने भरलेली, त्यामुळे बघणाऱ्याला आजारी वाटायची नाही. ठाण्याला एक गृहस्थ चढले, काखेत कुबडी. सीट सगळ्या भरलेल्या आणि त्यात निदान पाच जण अगदी ठणठणीत, कानात हेडफोन घालून डोळे मिटून बसलेले. ते गृहस्थ त्यांच्याकडे बघत पुढे आले आणि आईसमोर थांबून म्हणाले, "सर्टिफिकेट आहे का?"

आईने मांडीवरची पिशवी उघडली. आत प्लास्टिकची फाइल, तिचं बटण तिला निघेना, केमोनंतर तिच्या बोटांची टोकं बधिर व्हायची. मी घ्यायला गेले तर माझा हात बाजूला केला तिने, मीच दाखवते म्हणाली. खाली वाकल्यावर स्कार्फ मागे सरकला. तो सावरायला गेली तर फाइल सुटली आणि रिपोर्टचे कागद पायाशी पसरले. ते गृहस्थ एका हाताने दांडा धरून, कुबडी सांभाळत ते कागद उचलायला वाकायला लागले, त्यांना जमत नव्हतं तरी. "राहू द्या ताई, बसा, बसा" असं दोनदा म्हणाले. मग परळपर्यंत ते उभेच. मी उठलेल्या जागेवर बसा म्हटलं तर बसले नाहीत.

त्या माणसावर मला आजही राग नाहीये. त्याच्या हक्काची सीट रोज कोणीतरी धडधाकट माणूस घेतो आणि त्याने विचारलं नाही तर कोण विचारणार. पण त्याने पाच जणांना सोडून आईला विचारलं, कारण त्या पाच जणांतला कोणीही उलट अंगावर आला असता आणि ती बाई येणार नाही हे चेहऱ्यावरून कळत होतं. पुढच्या दोन वेळा आई गाडीने यायला तयार झाली नाही, टॅक्सी केली, जाऊन-येऊन किती पैसे गेले ते सोडा पण त्या खड्ड्यांतून तिला जो त्रास झाला तो मी बघितलाय.

म्हणून माझं उत्तर असं. उठवायचं असेल तर कोणा एकाला निवडून पुरावा मागू नका. "कोणी बरं असेल तर यांना जागा द्या" असं मोठ्याने सगळ्या डब्याला म्हणा. ज्याला खरंच उठता येतं त्याला ते कळतं, आणि ज्याला येत नाही त्याला फाइल उघडावी लागत नाही. तरी कोणी उठलं नाही तर रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर कळवा, पुढच्या स्टेशनवर आरपीएफचा (रेल्वे सुरक्षा दलाचा) जवान असेल तर त्याला सांगा. कार्ड तपासायचं काम त्यांचं आहे.

मोबाईलवर मोठ्याने व्हिडिओ बघणाऱ्याला बोलू का?

बोला. हेडफोन लावा म्हणायला कसलाही अधिकार लागत नाही. रात्री बारा तासांची ड्युटी करून परतणारी नर्स शेजारी डोळे मिटून बसलेली असते, तिच्यासाठी बोला.

पण कसं बोलायचं? मी बोलले की भांडणच होतं.

माझ्या डब्यात एक आजी चढायच्या, आता रिटायर झाल्या. त्यांच्याकडून मी शिकले. पाठीवर सॅक अडकवलेल्या मुलीला सगळ्या जणी "सॅक पुढे घे, कळत नाही का" असं म्हणायच्या आणि ती मुलगी अजून ताठ व्हायची. आजी तिच्या कोपराला हलकेच हात लावून म्हणायच्या, "बाळा, सॅक जरा पुढे घेतेस? माझ्या चष्म्याला लागतेय." एवढंच. चष्मा खरोखरच तिरका झालेला असायचा. मुलगी लगेच सॅक पुढे घ्यायची आणि वर सॉरी म्हणायची. आजींनी नियम सांगितलाच नाही, आपल्याला काय होतंय ते सांगितलं, आणि तेसुद्धा त्या मुलीपुरतं, डब्याला ऐकू जाईल असं नाही.

तेव्हापासून मी तसंच करते आणि दहातल्या नऊ वेळा काम होतं. एकदा सांगायचं. नाही ऐकलं तर दुसऱ्यांदा नाही, आपण सरकायचं. आणि भाषा, जात, गाव, कपडे यावर जायचंच नाही. "तुमच्याकडे असंच असतं" हे वाक्य तोंडातून गेलं की सॅकचा विषय संपला आणि भलताच सुरू झाला, यातून मारामारीपर्यंत गेलेली प्रकरणं आपण सगळ्यांनी वाचलीयेत.

कोणी चुकीचं वागत असेल तर व्हिडिओ काढून टाकू का?

छेडछाड, मारहाण, चोरी असेल तर पुरावा म्हणून जरूर काढा आणि पोलिसांना द्या. सीटवर पाय ठेवले, खाली बसली, चौथी सीट दिली नाही यासाठी कोणाचा चेहरा गावभर करू नका. खाली दारापाशी बसलेल्या मुलीला त्या दिवशी काय होत होतं ते व्हिडिओत दिसत नाही.

कोणी अंगावर आलं, ढकललं, उतरू दिलं नाही तर?

तेव्हा वाद घालू नका. १३९ लावा, डबा नंबर आणि पुढचं स्टेशन सांगा. उतरू शकत असाल तर उतरून आरपीएफ किंवा रेल्वे पोलिसांच्या चौकीत जा. जिवाला धोका असेल तर साखळी ओढायला घाबरू नका, पण सीटच्या भांडणासाठी ओढलीत तर कलम १४१ खाली १००० रुपयांपर्यंत दंड किंवा कैदही होऊ शकते, आणि मागे खोळंबलेल्या सगळ्या गाड्यांचे लोक तुम्हाला काय म्हणतील ते वेगळंच.

गावाहून पाहुणे येतायत, पहिल्यांदाच लोकलने येणार. त्यांना काय सांगून ठेवू?

सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ नंतर येऊ नका म्हणावं, शक्य असेल तर. सामान कमी. चढताना दाराच्या मधोमध नाही, एका कडेने चढायचं आणि चढल्यावर थेट आत. प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येतो ते शेजारच्याला विचारायचं, लोक सांगतात, अगदी आनंदाने सांगतात. कोणी काही टोकलं तर "आम्ही नवीन आहोत" असं सरळ म्हणायचं, मग तोच माणूस तुम्हाला दारापर्यंत नेऊन सोडतो. आणि फास्टने डोंबिवलीला येणार असतील तर ठाणं सुटल्या सुटल्या दाराकडे निघायचं, पुढच्याला "डोंबिवली का?" विचारायचं, तो हो म्हणाला की त्याच्या मागेच उभं राहायचं.